एका पिंपातलं धुणं

कपडे कसे धुवायचे हे मला कुणी शिकवू नये! ज्याला शिकवायची हौस असेल त्यानं आधी आमच्या मिलच्या ब्लीच खात्यात एक पाळी उभं राहून दाखवावं. डोळ्यांतून पाणी, नाकात आग, पायाखाली सोड्याचं चिखलपाणी. या मुंबईतले पांढरपेशे जे कडक सदरे घालून हापिसात बसतात ना, त्यांचा पांढरेपणा आमच्या हातांखालून गेलेला असतो. विणकाम खात्यात आम्हांला घेत नाहीत. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, आणि आमच्या तोंडचा धागा म्हणे बाटतो. बरं! पण तेच कापड पुढे आमच्या खात्यात येतं, आम्ही ते उकळतो, धुतो, हातांनी पिळतो, आणि मग ते भटजीला सोवळ्यातसुद्धा चालतं. तेव्हा धुण्यातलं आम्हांला कळतं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

एकदा फोर्टात एका दुकानाच्या काचेआड धुण्याचं विलायती यंत्र पाहिलं. पांढरं, गुटगुटीत, साहेबाच्या पोरासारखं. दरवान मला काचेपासून लांब व्हायला सांगत होता. मी म्हटलं, बघून काय झिजणार आहे? आणि त्याच्याशी हुज्जत घालता घालता यंत्राचं सगळं पोट बघून घेतलं. एक पिंप, त्यात फिरणारा दांडा, दांड्याला फळ्या. संपलं! यात विलायत कुठं आली?

पिंप आमच्या चाळीखाली पडलेलंच होतं. इलेक्शनच्या दिवसांत समितीच्या पोस्टरांसाठी त्यात खळ शिजायची. नायगावापासून भोईवाड्यापर्यंत भिंतीभिंतीवर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ चिकटलं ते याच पिंपाच्या जोरावर, आणि अशी खळ की म्युनिसिपालटीची माणसं खरवडून थकली पण एक अक्षर निघालं नाही. मी ते पिंप घासलं, आत लाकडाच्या फळ्या बसवल्या, आडवा दांडा घातला, बाहेर हँडल काढलं, खाली चुलीसाठी विटा रचल्या. हँडल फिरवलं की रेडा गिरणीच्या पट्ट्यात अडकल्यासारखा आवाज यायचा. पहिल्या दिवशी माझी खाकी पँट घातली. बाहेर आली ती स्वच्छ. बटणं तेवढी आत राहिली.

नळावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकीनं विचारलं की हे धुवायचं आहे की मळणीचं. मी हँडल मारत राहिलो. माणसानं चुलीचा शोध लावला तेव्हाही बायका अशाच हसल्या असतील.

आणि वेळ अशी आली की त्याच बायका माझ्या दारात आल्या.

वैशाख पौर्णिमेला आमच्या मैदानात धम्मदीक्षा ठरली. बाबासाहेब जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. नागपूरला ज्यांना जाता आलं नव्हतं, त्या सगळ्यांची दीक्षा आता इथंच, चाळीसमोर. सगळ्यांनी पांढऱ्या कपड्यांत यायचं. आता पांढरं कुणाकडे असतं? मिलमजुराच्या घरात कपडा घेतानाच मळखाऊ बघून घेतात. तरी लोकांनी पोटाला चिमटा काढून पांढरं घेतलं. नवे सदरे, नवी धोतरं, नवी लुगडी. पण सगळं मांजरपाटासारखं कडक, खळीनं भरलेलं, आणि पदरावर मिलचा जांभळा छाप. छाप घेऊन दीक्षेला बसायचं म्हणजे मालकाच्या नावाचा बिल्ला लावून बुद्धाकडे जाण्यासारखं! तो छाप हातानं निघता निघत नाही. म्हणून चाळीनं ठरवलं की धुणं गंगाधरच्या, म्हणजे माझ्या, पिंपात.

त्या धुण्यात माझ्या आयेचं लुगडं होतं. ते लुगडं म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे.

आये गावी होती तोवर नवं लुगडं तिनं अंगाला लावलंच नव्हतं. खोतिणीनं टाकलेलं, वाणिणीनं टाकलेलं, आणि कुणी मेलं तर मढ्यावरून उतरवलेलं. आमच्या लोकांचा तो हक्क म्हणे! असा हक्क खोतानं स्वतःच्या आईला द्यावा. मुंबईला आल्यावरसुद्धा तिची सवय गेली नाही. जुन्या बाजारातलं घ्यायची, फाटलेलं कापून, दंड घालून नेसायची. या वेळी मात्र ती दादरच्या दुकानात स्वतः जाऊन उभी राहिली, दुकानदाराला अर्धं दुकान उलगडायला लावलं आणि पांढरंशुभ्र नऊवारी निवडलं. घरी आणून ते उशाखाली ठेवलं. कुणाला बोट लावू देईना. माझ्या हातात देताना म्हणाली, “गंग्या, ह्याच्यात अजून कुणाचंच अंग गेलेलं नाय. माझंच पहिलं. संभाळून.”

मी म्हटलं, “आये, ब्लीच खात्यातल्या माणसाला सांगतेस?”

आता चीवराचं सांगतो. दीक्षा द्यायला जे भन्तेजी येणार होते, त्यांना चाळीतर्फे चीवर दान करायचं होतं. चीवर म्हणजे भिक्खू अंगावर घेतात ते पिवळं वस्त्र. ते मुंबईत कुठं मिळतं, हे कुणालाच ठाऊक नाही. आम्ही बौद्ध व्हायला निघालेलो, पण धम्माचं सामान विकणारं दुकान अजून निघालेलं नव्हतं! कमिटीचे अध्यक्ष कोंडीराम. पंचावन्नीचा माणूस, मिशा पांढऱ्या, आणि बोलायला लागला की ट्रामसुद्धा थांबून ऐकते असा त्याचा समज. त्यांनी तोडगा काढला की पांढरा तागा घ्या आणि घरीच रंगवा. माझी बायको शेवंती आणि माळ्यावरच्या बायकांनी मिळून डबेच्या डबे हळद ओतून तो तागा रंगवला. रंग बघण्यासारखा आला. वास मात्र आमटीचा आला. भन्तेजींच्या अंगावर आमटीचा वास बरा नाही, म्हणून कोंडीरामांनी सांगितलं की हेही एकदा यंत्रातून काढून द्या.

दीक्षेच्या आदल्या दिवशी माझी पहिली पाळी सुटली, आलो, चूल पेटवली, पाणी उकळायला ठेवलं, सोडा टाकला. चाळीचं सगळं पांढरं एकावर एक रचलं. मग चीवर उचललं, तशी शेवंती म्हणाली, “अहो, ते पिवळं वेगळं काढा. पांढरं वेगळं.”

बस. एवढाच शब्द पुरला.

वेगळं! जन्मलो तेव्हापासून हाच शब्द ऐकतोय. वस्ती वेगळी, पाणवठा वेगळा, शाळेत बसायचं तरट वेगळं, मिलमध्ये पाण्याचं पिंप वेगळं. उद्या सकाळी आम्ही ते सगळं झुगारून देणार, आणि आज संध्याकाळी माझ्याच घरची माणसं मला सांगतात की कपडे वेगळे काढा? मी नळावरच्या दगडावर चढलो आणि तिथं जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की माझ्या पिंपात हा वरचा हा खालचा चालणार नाही, भन्तेजींचं चीवर आणि मजुराचं धोतर एकाच पाण्यात धुतलं जाईल, आणि ज्याला हे पटत नसेल त्यानं आपलं धोतर घेऊन खोताच्या गावी जावं.

टाळ्या पडल्या! खोटं सांगत नाही. कोंडीरामांनी स्वतः माझ्या पाठीवर थाप मारली. शेवंतीनं फक्त एवढं विचारलं की हळदीला हे भाषण कळलं का. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. चीवर मानानं सगळ्यांच्या वर ठेवलं आणि हँडल मारलं.

पहिल्या काही चकरा छान गेल्या. रेडा ओरडत होता, वाफ उठत होती, मी घामानं निथळत मिलचे साहेब यंत्राजवळ उभे राहतात तसा एक हात कमरेवर ठेवून दुसऱ्यानं हँडल फिरवत होतो. मग झाकणाच्या फटीतून फेस बाहेर आला. तांबडा.

झाकण उघडलं. आत जे होतं त्याचं वर्णन कसं करू? चाळीतल्या यच्चयावत लोकांची दीक्षेची वस्त्रं कुंकवात बुडवून काढल्यासारखी झाली होती. जिला हळदीचं कुंकू कसं करतात ते माहीत आहे, त्या प्रत्येक बाईला यातलं कारण कळेल. हळद घ्यायची, तिला खार लावायचा, लाल होते. मला माहीत नव्हतं. ब्लीच खात्यात कुंकू करत नाहीत.

ज्या हळदीकुंकवाला उद्या सकाळी रामराम ठोकायचा, ते आम्ही आदल्या संध्याकाळी अंगभर लावून घेतलं होतं!

मी सांगितलं की घाबरू नका, सोडा कमी पडलाय. आणखी सोडा टाकला. आणखी लाल झालं. एका म्हातारीनं लिंबू पिळायला सांगितलं. घरोघरची लिंबं गोळा करून पिळली, तर लाल गेलं आणि पिवळं आलं. लोकांना वाटलं, चला, निम्मं काम झालं, आता थोडा सोडा टाकला की उरलेलं जाईल. टाकला. पुन्हा लाल. मग ज्याला जसं सुचेल तसं सुरू झालं. कुणी आपला सदरा हिसकून त्यावर लिंबू चोळतोय, कुणी सोडा, एकानं एका बाहीला लिंबू आणि दुसऱ्या बाहीला सोडा लावून बघितलं आणि त्याचा सदरा एका बाजूनं लगीनघर आणि दुसऱ्या बाजूनं लाल बावटा झाला.

त्यावरून तंटे. बाबासाहेबांच्या फेडरेशनवाल्यांनी आरोप केला की मी युनियनमध्ये कम्युनिस्ट पुढाऱ्यांबरोबर बसतो, म्हणून मुद्दाम सगळ्यांना लाल बावट्यात भरती केलंय. दुसऱ्या बाजूनं कुजबुज उठली की मला कुण्या सनातन्यानं पैसे चारलेत आणि म्हणूनच मी हळद चढवली. मी दोन्ही बाजूंना एकाच वेळी विकला गेलो होतो, आणि खिशात तर विडीला आणा नव्हता! तिसरे एक गृहस्थ होते, सरळ माणूस, त्यांना खरंच काळजी पडली होती. ते विचारायला आले की पिवळं नेसून दीक्षा घेतली तर माणूस भिक्खू होतो का, आणि झाला तर बायकोला आज सांगावं की उद्या.

मी मिलमधून ब्लीच पावडर आणायला निघालो होतो. आयेनं अडवलं. ती इतका वेळ नळाजवळ बसून होती. तिचं लुगडं सगळ्यांत तळाशी होतं, सगळ्यांत जास्त सोडा त्यालाच मिळालेला, जास्वंदीसारखं झालं होतं. तिनं त्याच्यावर लिंबू पिळू दिलं नाही, कुणाला ओढू दिलं नाही. ओलं लुगडं मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, “तुझ्या त्या पावडरीनं कापूस खाल्ला तर? फाटकं मी पुष्कळ नेसले. उद्या फाटकं नेसणार नाय.”

मी पावडरीचा नाद सोडला. रात्रभर सगळ्या गॅलऱ्यांत ते कपडे वाळत होते, आणि आमची चाळ गणपतीच्या मांडवासारखी दिसत होती.

सकाळी दुसरे कपडे होते कुणाकडे? मळके निळे, खाकी. कोंडीरामांचं म्हणणं पडलं की दीक्षा पुढे ढकलावी. माझं टाळकं फिरलं. शेकडो वर्षं पुढे ढकललीच आहे की! मी म्हटलं, भन्तेजींना मी स्वतः सांगतो, चूक माझी आहे, कपड्यांची नाही.

भन्तेजी परप्रांतातले, पण मराठी बोलायचे, जरा अडखळत. मैदानाच्या तोंडाशी आले, आमचा लाल-पिवळा समुदाय बघितला आणि थांबले. मी पुढे होऊन सगळं सांगितलं. चीवर, हळद, सोडा, दगडावरचं भाषण, काही लपवलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दीक्षा कपड्याला द्यायची नाही. बसा सगळे.”

सगळे बसले. सगळ्यांपुरता मांडव घालायला पैसे नव्हते, म्हणून मैदानातच, उन्हात, व्यासपीठाकडे तोंड करून. मांडव एवढासाच होता, भन्तेजींपुरता आणि म्हाताऱ्या माणसांपुरता. आयेला त्यात जागा मिळावी म्हणून मी कमिटीशी भांडलो होतो. माझ्यामुळे तिच्या लुगड्याचं वाटोळं झालं, आता निदान डोक्यावर सावली तरी. तिला हाताला धरून अगदी मधोमध, जिथं उन्हाचा एक कवडसा पोचणार नाही, अशा ठिकाणी बसवलं.

मग कोंडीराम प्रास्ताविकाला उठले.

कागदात डोळे खुपसून त्यांनी सुरुवात केली पेशवाईपासून. ऊन समोरून, वैशाखाचं, तापलेल्या तव्यासारखं. पेशवाई संपली तेव्हा माझं लक्ष शेजारच्या माणसाच्या सदऱ्याकडे गेलं. छातीवरचा पिवळा जरा विटल्यासारखा वाटला. मला वाटलं, डोळ्यांवर अंधारी आली. कोंडीराम इंग्रज राजवटीत शिरले तोवर बायकांच्या घोळक्यात हालचाल सुरू झाली. एक दुसरीला कोपरानं ढोसतेय, आपल्या पदराकडे दाखवतेय. शेवंतीनं मागं वळून माझ्याकडे बघितलं आणि मी समजलो. हळद उन्हाला टिकत नाही! ब्लीच खात्यात जे करायला पावडरीची पिंपं लागतात, ते ऊन फुकट करत होतं. लाल गेलं, पिवळं गेलं. दुधासारखं नाही, पण ताकासारखं पांढरं होत चाललं होतं. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की कोंडीरामांनी आणखी बोलावं. आणि माणूस बोलला! गोलमेज परिषदेत तर त्यांनी आमचे सगळ्यांचे पुढचे भाग साफ धुऊन काढले.

प्रास्ताविक संपवून त्यांनी चष्मा पुसला, डोळे वर केले, आणि समोर अख्खं मैदान पांढरं. त्यांचा आवाजच फुटेना. मग कसाबसा फुटला तो “चमत्कार” म्हणून.

भन्तेजी म्हणाले, “अहो, थोड्या वेळात तुम्ही देव-अवतार सोडायच्या प्रतिज्ञा घेणार. चमत्कार तेवढा आज नको.”

मग त्रिशरण झालं, पंचशील झालं, प्रतिज्ञा झाल्या. तो आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. मिलचे सगळे भोंगे एकदम वाजले तरी त्यात दबला नसता. शेजारच्या त्या सरळ माणसाच्या डोळ्यांना धार लागली होती. माझ्याही. ब्लीचच्या धुरानं जे पाणी येतं ते वेगळं, हे वेगळं. त्या दिवशी आम्हांला कुणी काही दिलं नाही. आम्ही उठून घेतलं. कुणाला वाटत असेल की मी हळदीची गोष्ट सांगता सांगता फुशारकी मारतोय, तर हो, मारतोय.

सोहळा संपला. कोंडीरामांनी सांगितलं, आता शिस्तीनं वळा आणि चाळीकडे चला. समुदाय उठला, वळला, आणि व्यासपीठावरून कुणीतरी जोरात हसलं. ते भन्तेजी होते.

कारण आमच्या सगळ्यांच्या पाठी जशाच्या तशा होत्या! ऊन समोरचं. पुढून बुद्धाचे अनुयायी, मागून हळदीचा कार्यक्रम. पाठीमागून बघितलं असतं तर वाटलं असतं की लगीनघराचं अख्खं वऱ्हाड वाट चुकून मैदानात आलंय. लोक एकमेकांची पाठ बघून हसत होते, आणि आपली पाठ काही केल्या दिसत नाही म्हणून गोल गोल फिरत होते. कोंडीराम तर भाषणाच्या वेळी एक खांदा सावलीत ठेवून उभे होते, त्यामुळे त्यांचे उभे दोन भाग पडले होते. भन्तेजींनी दानातलं चीवर उलगडलं. सोड्यालिंबाच्या त्या सगळ्या लढाईत ते पार बोळा झालेलं, ना पिवळं ना पांढरं. त्यांनी ते तसंच खांद्यावर घेतलं आणि म्हणाले की हे त्यांना मिळालेलं सगळ्यांत कष्टाचं चीवर आहे.

मी धावत मांडवात गेलो. आये उठून उभी होती. कडेच्या म्हाताऱ्यांवर कवडसे तरी पडले होते, पण गच्च सावलीत, माझ्या कृपेनं, तिच्या लुगड्याचा एक धागा फिका झाला नव्हता. साऱ्या मैदानात पांढऱ्या-पिवळ्यांच्या गर्दीत ती एकटी जास्वंद. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, “आये, चल उन्हात. थोडा वेळ बस, सगळ्यांचं गेलं तसं तुझंही जाईल.”

तिनं माझ्याकडे बघितलं, मग लोकांच्या पाठींकडे बघितलं. पदर नीट खोचला.

“कशाला? सगळ्या चाळीत पुढून-मागून एका रंगाची मी एकटीच आहे.”

आणि चालायला लागली. सगळ्यांच्या पुढे.

ते लुगडं तिनं पुढेही कधी उन्हात घातलं नाही. घरात वाळवते. मोर्चाला जाते, सभेला जाते, कुणाच्या बारशाला जाते, तेव्हा तेच नेसते, आणि कुणी विचारलं, “बाई, हा रंग कुठल्या दुकानातला हो?” तर चारचौघांत मोठ्यानं सांगते, “दुकानातला नाय. माझ्या लेकानं यंत्रात धुतलंय.”

आता हे ती कौतुकानं सांगते की टोमणा मारते? मिलमालक, फौजदार, खोत, कुणाच्याही तोंडावर मी बोलायला तयार आहे. पण तिला हे विचारायची छाती अजून झालेली नाही.